बदलीची गाडी

ज्या दुकानात माणूस मीठ, साबण आणि बटाटे घ्यायला जातो त्या दुकानाने मोटारी विकू नयेत, असा काही कायदा नाही. पण काही गोष्टी कायद्याने नाही, अकलेने ठरवायच्या असतात. चौकातल्या त्या मोठ्या सुपरमार्केटच्या मालकांना एक दिवस वाटलं, की लोक आपल्याकडून घरबसल्या दूध मागवतात, पाव मागवतात, पंखे आणि पाळणे मागवतात, मग वापरलेली मोटार का नाही मागवणार? झालं. मागच्या वाहनतळाचा अर्धा भाग दोरी बांधून वेगळा केला, तिथे जुन्या गाड्या धुऊनपुसून रांगेने उभ्या केल्या, आणि ज्या ॲपवर कांदे दिसायचे त्याच ॲपवर कांद्यांच्या शेजारी गाड्या दिसायला लागल्या. ॲप तेच, म्हणून बटणंही तीच. मोटार टोपलीत टाकली की ते अदबीने विचारायचं, 'कापडी पिशवी हवी का?'

या नव्या विभागात ज्यांची वर्णी लागली त्यांत बदलीताई होती. तिचं खरं नाव हजेरीपुरतं. बाकी सगळं दुकान तिला बदलीताईच म्हणायचं. घरपोच मालाच्या ऑर्डरी भरताना एखादी वस्तू फळीवर नसली, की तिच्या जागी कोणती द्यायची हे ठरवण्याचं काम तिचं. त्याला तिथे बदली म्हणायचे, आणि बदलीचा नियम एकच होता: द्यायची ती बरोबरीची किंवा वरचढ, उतरती कधीच नाही. लहान पाव संपला तर मोठा द्यायचा, त्याच भावात. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. एखाद्या बाईला बिनवासाचा साबण हवा असतो, तिला गुलाबाचा दिला तर ती दुकान डोक्यावर घेते. पण बदलीताईने बदललेली वस्तू सहसा परत यायची नाही. तिचा नवरा चारचौघांत म्हणायचा, "मी घरात आहे म्हणून टिकलो. दुकानात असतो, तर हिने एव्हाना माझ्या जागी वरचढ आणून ठेवला असता." ती डोळे वटारायची, पण आतून तिला आपल्या निवडीचा अभिमान होता. अभिमानाला हरकत नव्हती. हरकत पुढे आली.

तिच्या गिऱ्हाइकांत एक काका होते. त्यांना तिने कधी पाहिलं नव्हतं, पण ओळखत मात्र चांगली होती. ऑर्डरीखाली दोन ओळी लिहायला जी जागा असते ती बहुतेक लोक कोरी सोडतात. काका तिथे पत्र लिहावं तसं लिहायचे. 'ताई, केळी हिरवट बघून द्या. आम्ही दोघंच, खाऊन होईतो काळी पडतात.' 'ताई, मागचा पाव कडक निघाला, काकूंचे दात तुम्हाला माहीत नाहीत.' मग तिला काकूंचे दातही माहीत झाले. काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिने पिशवीत एक चिठ्ठी टाकली होती, 'जिना उतरू नका, माणूस वरपर्यंत येईल.' स्वतःच्या सख्ख्या काकांना तिने इतकं कधी विचारलं नव्हतं.

या काकांनी गाडी मागवली. पांढरी, लहान, बेताची चाललेली. खाली लिहिलं, 'लेक घाटापलीकडे असते. दर वेळी कुणाकडे तरी गाडीसाठी तोंड वेंगाडायचं जिवावर येतं. पोरगी म्हणते या वयात नको. पण गुडघा आता ठणठणीत आहे. शुक्रवारी गाडी आली की शनिवारी निघणार.'

शुक्रवारी गाडी धुऊन तयार होती. आणि निघायच्या जरा आधी ट्रॉल्यांची लांबलचक रांग ढकलत आणणाऱ्या माणसाच्या हातून ती रांग निसटली. उतार थोडा होता, पण तेवढा पुरला. सगळ्या ट्रॉल्या एकीमागे एक जाऊन काकांच्या गाडीच्या दारात घुसल्या. दाराचा पत्रा आत गेला, काच चढेना. गाडी पोचवणारा ड्रायव्हर घड्याळ बघत उभा होता.

अशा वेळी शहाण्या माणसाने गिऱ्हाइकाला फोन करून सांगावं, की बाबा, गाडी चार दिवसांनी येईल. पण बदलीताईच्या हाताला ते वळणच नव्हतं. वस्तू नाही म्हणून ऑर्डर अडवायची, हे तिच्या लेखी दुकानदारीला काळिमा होतं. ती तरातरा मागच्या रांगेत गेली. तिथे हुबेहूब दुसरी उभी होती: त्याच कंपनीची, तशीच पांढरी, उलट वर्षभराने नवी आणि कमी चाललेली. बरोबरीची नव्हे, वरचढ. आणि तिच्या पुढच्या काचेवर पिवळा गोल स्टिकर होता.

आता त्या दुकानात पिवळ्या गोलाचा अर्थ झाडूवाल्यालाही ठाऊक होता. दह्याच्या डब्यावर, पावावर, कापलेल्या फळांवर संध्याकाळी तो चिकटवायचा. म्हणजे माल चांगला आहे, पण आजच्या आज गेला पाहिजे. बदलीताईने असे किती चिकटवले असतील याची गणती नाही. तिने मनात म्हटलं, बघा, ही तर लवकर घालवायचीच आहे. सोन्याहून पिवळं. तिने ॲपवरचं 'बदली' बटण दाबलं, कागद आपोआप नव्या नंबराचे निघाले, कापडी पिशवीत घातले. मग ओल्या फडक्याने आणि नखाने तिने तो स्टिकर काचेवरून खरवडून काढला. पिवळा गोल दिसला, की गिऱ्हाइकाला आपल्याला उरलंसुरलं दिल्यासारखं वाटतं. काकांना तसं वाटू नये. काच तिने पदराने पुसून लख्ख केली, आणि गाडी गेली.

शनिवारी दुपारी डबा खाऊन ती ॲपवरचे निरोप वाचायला बसली. काकांचा निरोप थोड्याच वेळापूर्वीचा होता. 'ताई, गाडी झकास. मागवली त्याहून नवी दिलीत, हे लक्षात आलं बरं का! ब्रेक मात्र जरा मऊ लागतो, पाय खोल जातो. नव्या गाड्यांचं असंच असतं का? घाटाच्या पायथ्याशी चहाला थांबलोय. आता निघतो आणि फोन बंद करतो, गाडी चालवताना फोन नको, असं काकूंचं फर्मान आहे.'

ती हसली. उत्तर बरोबर द्यावं म्हणून उठली आणि मिस्त्रींना शोधत मागे गेली. मिस्त्री एका गॅरेजातून घेतलेले. आठवड्यातून दोनच दिवस या शाखेत यायचे, गाड्या तपासायचे, दुरुस्त करायचे. माणूस अबोल. ते मागच्या रांगेतल्या रिकाम्या जागेसमोर उभे होते.

"मिस्त्री, नव्या गाड्यांचा ब्रेक मऊच असतो का हो? एक गिऱ्हाईक विचारतंय."

"ते मागाहून. आधी मला सांगा, इथली माझी पांढरी कुणी हलवली?"

"ती होय? ती मी काल दिली."

"दिली? अहो, तिला पिवळी खूण होती काचेवर!"

"हो ना. म्हणून तर दिली."

क्षणभर दोघांनाही समोरचं माणूस वेडं वाटलं.

"बाई," मिस्त्री सावकाश म्हणाले, "पिवळी म्हणजे गाडीला हात लावायचा नाही. काम अर्धवट उघडं आहे. आमच्या गॅरेजात जन्मभर हेच चालत आलंय."

"पिवळी म्हणजे आजच घालवा," ती म्हणाली. पण म्हणता म्हणता तिला आठवलं. तो स्टिकर मिस्त्रींनी तिच्याच काउंटरवरच्या रोलमधून नेला होता. तिनेच काढून दिला होता, कशाला हवा हे न विचारता.

मिस्त्रींनी तिच्या हातातला फोन घेतला, निरोप वाचला आणि फोन परत दिला. त्यांच्या कपाळावर घाम आलेला तिने पाहिला.

"काय झालंय त्या गाडीला?"

"मागच्या चाकांकडे जाणारा ब्रेकचा पाइप सडलाय. मी तो सोडवला. नवा आला नव्हता, म्हणून तेल सांडू नये एवढ्यापुरता नट हाताने फिरवून ठेवला. पाना लावलेला नाही. दर वेळी ब्रेक दाबला, की थोडं तेल बाहेर पडतं. सपाटीवर कळतही नाही. पेडल आधी मऊ लागतं, मग खोल जातं."

"मग?"

"मग पाय तळाला टेकतो."

"आणि घाट चढताना?"

"चढताना ब्रेक कोण मारतंय, बाई? उतरताना मारतात."

घाट चढून पलीकडे उतरल्यावर लेकीचं गाव. ते आता चढत असतील. काकू शेजारी बसल्या असतील, त्यांना वाटत असेल, काय गार वारा आहे. तिने काकांचा फोन लावला. बंद. पुन्हा लावला. फोनमधली बाई तिला गोड आवाजात सांगत होती, की थोड्या वेळाने प्रयत्न करा. थोड्या वेळाने! तिला त्या बाईचा गळा धरावासा वाटला.

शाखेच्या साहेबांची काचेची खोली वर होती. ती धावत वर गेली, धापा टाकत सगळं सांगितलं. साहेब वाईट माणूस नव्हते. घाबरट होते, आणि घाबरट माणूस वाईटापेक्षा फार बरा असतो असं काही नाही. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कागदावर कोणती गाडी आहे?"

"बदलीचीच."

"बदली मंजूर कुणी केली?"

"मंजूर कशाला? बटण आहे ना."

"म्हणजे तुम्हीच." साहेबांचा चेहरा जरा सैल पडला. "हे बघा, घाबरून जाऊ नका. जागेवर बसा. मी वर कळवतो, वरून काय ते सांगतील."

वरचे लोक कुठल्या तरी लांबच्या शहरात बसून उंटावरून शेळ्या हाकणारे. ते सांगेपर्यंत गाडी खाली पोचलेली असणार, या ना त्या रीतीने. ती तशीच मागे फिरली. खाली मिस्त्रींनी माल पोचवायची व्हॅन सुरू करून ठेवली होती. ते एवढंच म्हणाले, "बसा." ती दुकानाचा ॲप्रन न काढताच बसली.

रस्त्यात तिने महामार्ग पोलिसांना फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, "पांढऱ्या गाड्या तर निम्म्याअर्ध्या असतात हो. नंबर सांगा." नंबर! साबणांचे सगळे वास पाठ असलेल्या तिला, काल स्वतःच्या हाताने पाठवलेल्या गाडीचा नंबर आठवेना. ॲपमध्ये शोधून सांगेपर्यंत बोटं घामाने घसरत होती. तो म्हणाला, बघतो. त्या 'बघतो'मध्ये काही जीव नव्हता.

घाट सुरू झाला. झाडं दाट, रस्ता अरुंद, एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला कमरेइतका कठडा. प्रत्येक वळणाआधी ती डोळे मिटायची, आणि मिटलेल्या डोळ्यांना जे दिसायचं ते इतकं भयंकर, की पुन्हा उघडायची. वळणापलीकडे मोकळा रस्ता दिसला, की हायसं वाटायचं, ते पुढच्या वळणापर्यंत.

"सगळे ब्रेक जातील का एकदम?" तिने विचारलं.

"मागचे जातील. पुढचे राहतात. पण लांब उतारावर एकटे पुढचे तापतात, आणि तापले की तेही सोडून देतात." मग थोड्या वेळाने, न विचारता, "म्हातारा शहाणा असला तर गियरवर उतरेल."

"शहाणे आहेत," ती म्हणाली. आणि तिला एकदम वाटलं, आपल्याला काय माहीत? केळी हिरवी मागणारा माणूस गाडी कशी चालवतो, हे आपल्याला काय माहीत?

तिचा संताप उफाळून आला. "पिवळीच कशाला लावलीत? चार अक्षरं खरडायची होती वर!"

"तुम्ही काढलीत कशाला?" मिस्त्री रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले. "विचारायचं होतंत."

"तुम्ही होतात कुठे काल?"

"दुसऱ्या शाखेत. फोन होता माझ्याकडे."

दोघांचं खरं होतं. व्हॅन घाटमाथा ओलांडून उताराला लागली. मिस्त्रींनी ब्रेकवर पाय ठेवला, व्हॅनचा वेग मुकाट्याने कमी झाला, आणि तेवढ्यावरून बदलीताईला रडू कोसळलं. किती साधी गोष्ट! पाय दाबला की गाडी थांबते, एवढ्याच भरवशावर सारं जग रस्त्यावरून जात असतं.

एका वळणावर माणसांचा घोळका दिसला. लोक कठड्यावरून वाकून खाली बघत होते. व्हॅन पुरती थांबायच्या आत ती उतरली, धडपडली, घोळक्यात घुसली. खाली दरीत खोकी पडली होती. एका ट्रकची मागची फळी उघडली होती, आणि ट्रकवाला आपल्या टोमॅटोंकडे बघून कपाळ बडवत होता. तिने त्याला विचारलं, पांढरी लहान गाडी गेली का? तो म्हणाला, "गेली की आत्ताच. हॉर्न वाजवत गेली, सारखा वाजवत. घाई बघा लोकांची!"

घाई नव्हती ती. मिस्त्रींनीही ऐकलं होतं. त्यांनी व्हॅन जोरात सोडली.

आणखी काही वळणं गेली. मग रस्त्याच्या कडेला, दुरुस्तीसाठी टाकलेल्या खडीच्या ढिगात, पांढरी गाडी तोंड खुपसून उभी होती. दिव्यांपर्यंत आत गेलेली. ढिगाच्या पलीकडे कठड्याची जागा होती. पण कठडा तिथे पडलेला होता, म्हणूनच खडी आणून टाकली होती. त्यापलीकडे नुसता उजेड दिसत होता.

काका रस्त्याच्या आतल्या बाजूला एका दगडावर बसले होते. किरकोळ शरीर, गळ्यापर्यंत बटणं लावलेला सदरा. काकू त्यांच्याजवळ उभ्या, कपाळावर रुमाल दाबून. रुमालाखाली टेंगूळ, मनगटावर खरचटलेलं. जिवंत. दोघंही जिवंत. बदलीताईने जवळच्या झाडाला धरलं.

काकांनी तिच्या ॲप्रनवरचं दुकानाचं चिन्ह पाहिलं आणि ते चाचपडत उठले. "तुम्ही दुकानातून आलात? इतक्या लवकर कसं कळलं? माफ करा हो. गाडीची वाट लावली मी. एका दिवसात."

"काका, बसा तुम्ही. लागलंय का कुठे?"

"मला काही नाही. हिला लागलं माझ्यामुळे. ब्रेकवर पाय पडलाच नसणार माझा. मला वाटत होतं दाबतोय, चांगला दाबतोय, पण गाडी थांबेचना. म्हणजे पाय दुसऱ्याच पेडलवर असणार."

"मी ओरडत होते, ब्रेक मारा, ब्रेक मारा," काकू म्हणाल्या. "हे म्हणत होते, मारतोय. मला वाटलं, झालं, यांना सुचेनासं झालं."

"परवा गॅसही चालू राहिला होता माझ्याकडून," काका हळूच म्हणाले, काकूंना ऐकू जाऊ नये अशा बेताने. "तेव्हा वाटलं, होतं असं कधीतरी. पण आता हे. आपल्याला वाटतं आपण एक करतोय आणि पाय भलतंच करतोय, म्हणजे डोकंच चाललं की माझं. लेकीला आत्ता सांगितलं फोनवर. ती काही बोलली नाही, नुसती रडली. मी आता हिला कुणाच्या भरवशावर ठेवू, सांगा. ही किल्ली घ्या. मी पुन्हा हात लावणार नाही."

त्यांनी किल्ली पुढे केली. बदलीताईने ती घेतली, आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. साहेब. ती चार पावलं बाजूला गेली आणि झालं ते थोडक्यात सांगितलं.

"म्हणजे कुणी दगावलं नाही," साहेब म्हणाले. त्यांचा सुटलेला श्वास फोनमधून ऐकू आला. "आणि गिऱ्हाईक काय म्हणतंय? स्वतःचीच चूक म्हणतंय?"

"हो. पण साहेब..."

"मग पण काय? सुंठीवाचून खोकला गेला! तुम्ही एक अक्षर बोलू नका. विमा बघून घेईल. मिस्त्रींना म्हणावं, नट तेवढा आवळून टाका. ताई, तुम्हाला नोकरी हवी आहे ना?"

नोकरी हवी होती. नवऱ्याचं काम आज आहे तर उद्या नाही, हे घरातल्या भांड्यांनाही माहीत होतं. आणि नोकरीपेक्षाही मोठी भीती होती ती पोलिसांची, कोर्टाची, लोकांनी बोट दाखवून 'हीच ती' म्हणण्याची. गप्प बसलं तर यातलं काहीच होणार नव्हतं. म्हातारा माणूस, गाडी चालवली, चुकला. जग लगेच विश्वास ठेवेल. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची, आणि इथे तर संन्यासी आपणहून मान पुढे करत होता.

मिस्त्री गाडीखालून बाहेर आले. त्यांचा हात कोपरापर्यंत तेलाने ओला होता. ते तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्याही पोटाचा प्रश्न होता, आणि त्यांनी तो तिच्यावर सोडला होता. तिला त्यांचा रागही आला.

तिने काकांकडे पाहिलं. ते आपल्या उजव्या पायाकडे बघत होते, पाय दुसऱ्या कुणाचा असावा तसे. तिने त्यांना काय दिलं होतं, हे तिला तेव्हा दिसलं. गाडी परत घेता येईल. पण ही भीती ते घरी नेणार, तिलाच उशाशी घेऊन झोपणार, रोज सकाळी गॅसपाशी उभे राहून विचारणार, की मी बंद केला का?

साहेब फोनवर "हॅलो, हॅलो" करत होते. तिने फोन बंद केला.

"काका," ती म्हणाली. "चूक तुमची नाही. गाडीचे ब्रेक आधीपासून गेलेले होते. दुरुस्तीला काढलेली गाडी होती ती. तुमच्या गाडीचं दार चेपलं, म्हणून मी ही बदलीची पाठवली. मीच. मिस्त्रींनी हलवू नका म्हणून खूण लावली होती, ती मी खरवडून काढली. मला वाटलं, वरचढ देतेय."

काकांनी उजवा पाय जमिनीवर दोनदा दाबून पाहिला.

"म्हणजे मी दाबला होता?"

"दाबला होता, काका."

"ब्रेकच?"

"ब्रेकच."

ते मिस्त्रींकडे वळले. "तुम्ही सांगा. ब्रेकच दाबला होता?"

मिस्त्रींनी हात पुसले. "मागच्या चाकांपाशी तेल कुठवर उडालंय ते बघून सांगतो, आजोबा, तुम्ही जीव खाऊन दाबला होता. पाय बरोबर होता. गाडी खोटी होती."

काकांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. "ऐकलंस का? मी दाबला होता," ते काकूंना म्हणाले. त्यांना राग यायला हवा होता, पण तो बहुधा रांगेत खूप मागे उभा होता.

काकूंना मात्र आला. त्यांनी रुमाल कपाळावरून काढला. "तू ती ताई? केळ्यांची?"

"हो."

"उद्या नातीला घेऊन याच गाडीतून परत यायचं होतं आम्हाला. मागच्या महिन्यात झालीय ती. मांडीवर घेऊन बसणार होते मी, इथे पुढे." त्यांनी खडीत घुसलेल्या गाडीच्या पुढच्या सीटकडे बोट दाखवलं. काच तिथे तडकलेली होती. "कळलं का तुला?"

बदलीताईला कळलं होतं. त्यापुढे माफी हा शब्द फारच लहान होता.

मिस्त्रींनी व्हॅनचं दार उघडलं. लेकीचं गाव खाली दिसत होतं, थोडी वळणं उतरून. काका जाऊन बसले. काकू व्हॅनजवळ गेल्या, आत पाहिलं, आणि दोन पावलं मागे सरल्या.

"मी नाही बसणार."

"अहो आजी, ही गाडी चांगली आहे. मी ब्रेक दाबून दाखवतो." मिस्त्रींनी व्हॅन हातभर पुढे घेतली, ब्रेक दाबला, पुन्हा घेतली, पुन्हा दाबला. व्हॅन दर वेळी जागच्या जागी थांबली.

"तीही थांबत होती," काकू म्हणाल्या. "काल आमच्या दारात किती छान थांबली होती."

काकांनी समजावलं, मिस्त्रींनी समजावलं. काकू मान हलवत राहिल्या. शेवटी त्या म्हणाल्या, "तुम्ही जा पुढे. गाडी माझ्या मागे नको. मी चालत येते." आणि खरोखरच चालायला लागल्या, डोंगराच्या अंगाने, एक हात खडकाला लावत.

व्हॅन पुढे निघून गेली. बदलीताई काकूंच्या मागून चालू लागली. सोबत ये असं काकू म्हणाल्या नव्हत्या, येऊ नको असंही म्हणाल्या नव्हत्या. मग वरच्या वळणावर एक गाडी उतरत आल्याची घरघर ऐकू आली. काकू जागीच थांबल्या, पाठ खडकाला लावली आणि न बघताच बाजूला हात टाकून बदलीताईचं मनगट धरलं. गाडी आली, आपल्या वेगाने शेजारून गेली, खालच्या वळणाआड दिसेनाशी झाली. हात सुटला नाही. बदलीताईने तो सोडवूनही घेतला नाही. वरून आणखी एक गाडी येत होती, आणि बदलीताईनेही पाठ खडकाला लावली.